डुकरांचा गोठा आणि शेजारची वस्ती

वराहपालन सुरू करू पाहणाऱ्यांना मी आधी जागेबद्दल विचारतो. डुकरांची जात यॉर्कशायर पाळायची की ड्युरॉक, हे नंतर बदलता येतं. बांधलेला गोठा हलवता येत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, आणि सगळं ओलं असल्यामुळे गोठ्याचा वासही त्याच दिवसांत उग्र होतो. म्हणून वस्तीच्या पश्चिमेला गोठा नको. रात्रीचं गणित वेगळं आहे. वारा पडला की जमिनीलगतची थंड हवा उताराने, ओढ्याच्या अंगाने खाली सरकते आणि वास सोबत नेते. दिवसभर काही नसतं आणि रात्री जेवायला बसलं की वास येतो, ही तक्रार खरी असते. ‘मला तर काहीच जाणवत नाही’ म्हणणारा गोठेवालाही खोटं बोलत नसतो. रोज त्याच हवेत वावरणाऱ्या नाकाला तो वास कळेनासा होतो. तेव्हा परगावचा पाहुणा आला की त्याला संध्याकाळी बांधावर नेऊन विचारा.

आता वास येतो कुठून? ताज्या मूत्रात युरिया असतो, त्याला फारसा वास नाही. विष्ठेतल्या जिवाणूंचं युरिएज नावाचं विकर त्याला भेटलं की अमोनिया सुटतो. ही भेट टाळणं हे निम्मं काम. जमिनीला उतार ठेवा, मूत्र नालीने लगेच बाहेर काढा, विष्ठा कोरडीच खरवडून उचला आणि मग धुवा. बरेच जण पाइप लावून सगळं एकत्र खड्ड्यात ढकलतात. तिथे हवा न लागता ते कुजतं आणि हायड्रोजन सल्फाइड वायू, विष्ठेच्या वासाचं स्कॅटोल हे रसायन आणि आंबूस आम्लं तयार होतात. त्यावर फिनेल ओतून काही साधत नाही.

खाद्याकडेही पाहा. जादा प्रथिनं डुकराच्या अंगी लागत नाहीत, त्यांतला नायट्रोजन मूत्रातून बाहेर पडतो. लायसिन, मेथिओनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) घालून खाद्यातलं प्रथिन एक टक्क्याने उतरवलं, तर बाहेर पडणारा नायट्रोजन साधारण आठ टक्क्यांनी घटतो.

हे सगळं न केल्याने काय होतं, ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाने पाहिलं. डप्लिन आणि सॅम्पसन या परगण्यांत लाखो डुकरं आहेत. मैला उघड्या तळ्यांत साठवायचा आणि तुषार सिंचनासारखा शेतावर फवारायचा, ही तिथली रीत. शेजारी राहणाऱ्यांत कृष्णवर्णीय बरेच, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत, अंगणात बसता येत नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. 1997 मध्ये राज्याने नव्या तळ्यांना मनाई केली, जुनी मात्र राहिली. 1999 च्या फ्लॉइड वादळात काही तळी फुटली, काही पुरात बुडाली. शेवटी शेजारी न्यायालयात गेले. 2018 मध्ये एकामागून एक निकाल त्यांच्या बाजूने लागले आणि एका खटल्यात तर ज्यूरीने 47 कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. कायद्यातल्या मर्यादेमुळे ती पुढे बरीच कमी झाली. मला यात भरपाईच्या आकड्यापेक्षा मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. इतका काळ त्या माणसांचं म्हणणं कोणी मोजलंच नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. कैकाडी, वडार समाजातल्या अनेक कुटुंबांनी डुकरं पाळली आणि त्यापायी अवहेलना सोसली. आजही तक्रारीत कधी वास असतो, कधी तो जुना तिटकारा. वासाची तक्रार असेल तर गोठेवाल्याने ती दूर केलीच पाहिजे. तिटकाऱ्यापायी मात्र कुणाचा धंदा बंद पाडू देऊ नये. ग्रामसभेत हे दोन्ही वेगळे करून बोलायला हवं. कोणत्या दिवशी, किती वाजता, वारा कुठला होता, अशी नोंद ठेवली की वाद माणसावरून गोठ्यावर येतो.

बायोगॅस बांधणार असाल तर टाकी झाकलेली असल्याने वासही आटोक्यात राहतो. बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे पातळ खत, शेतात द्यायची ती सकाळी, ऊन चढताना, आणि लगेच मातीत मिसळायची. शेजाऱ्याकडे लग्नकार्य असेल तर तो आठवडा थांबा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: मैल्याच्या बंद खड्ड्यात कुणालाही उतरवू नका. खड्डा ढवळला की हायड्रोजन सल्फाइड एकदम उसळतो, त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच थांबतं आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. उपसायचं असेल तर पंप लावा, आणि कामगाराला वरच उभा ठेवा.