काजूच्या नावात बिब्बा

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. टेबलावर मी दोन वाट्या ठेवल्यात त्या आधी लांबूनच बघून घ्या. एकीत काजूच्या बिया आहेत, कच्च्या, सालासकट. दुसरीत बिब्बे आहेत. आजचं सगळं बोलणं या दोन वाट्यांच्या मधलं आहे, म्हणजे खरं तर या दोन फळांनी एकमेकांची नावं कशी घेतली त्याचं आहे.

काजू म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं, गोवा आठवतं, मे महिन्यातला बोंडांचा वास आठवतो. माझं बालपण त्या वासातच गेलं, त्यामुळे हे झाड परदेशी आहे असं कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. पण आहे ते परदेशीच. ब्राझीलचं. तिकडे ईशान्येला समुद्रकाठी वाळूचा पट्टा आहे, त्याला रेस्टिंगा म्हणतात, तिथे आणि आत देशावर सेराडो नावाचा जो झुडपी गवताळ प्रदेश आहे तिथे काजू रानात आपोआप वाढतो. म्हणजे आपल्याकडे तो कातळावर, वाऱ्यावर, खाऱ्या हवेत का टिकला हे लगेच कळतं, त्याचं माहेरच तसं आहे.

तिथले तुपी लोक त्याला 'अकाजू' म्हणायचे. पोर्तुगीजांनी ते 'काजू' केलं, आणि आपण ते जसंच्या तसं उचललं. इंग्रजांचं कॅश्यू हे त्याचंच बिघडलेलं रूप. मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की जुन्या तुपी भाषेत वर्षाला पण हाच शब्द होता. काजू आला की वर्ष झालं. आपल्याकडे म्हातारी माणसं 'मी इतके पावसाळे बघितले' म्हणतात ना, तसं ते काजू मोजायचे. आज देवगडातला माणूस बाजारात 'काजू कसे दिले' विचारतो तेव्हा तो एक तुपी शब्द बोलत असतो, जवळजवळ शुद्ध उच्चारात, आणि हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. मला वाटतं हे शाळेत सांगायला पाहिजे.

युरोपात या झाडाची पहिली नीट ओळख करून दिली ती आंद्रे थेवे नावाच्या फ्रेंच साधूने. हा १५५५ साली रिओच्या खाडीत जी फ्रेंच वसाहत झाली तिथे गेला होता, थोडेच दिवस राहिला, आणि १५५७ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात काजूचं चित्र आहे, लाकडाच्या ठशाचं. एक माणूस झाडावर फळं काढतोय आणि खाली रस पिळणं चाललंय. बोंडाच्या खाली लटकलेली बी सुद्धा दाखवलीय. म्हणजे ज्यांचं झाड होतं ते लोक त्या चित्रात आहेत, पुढच्या शास्त्रीय पुस्तकांत ते गळून गेले.

आता गोव्यात या. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. ओर्ता इथे तीस वर्षं राहिलेला वैद्य, प्रत्येक फळाची, मसाल्याची चौकशी करणारा माणूस. त्याच्या पुस्तकात काजू नाही. आणि मग १५७८ मध्ये क्रिस्तोवाव द कोस्ता याचं पुस्तक येतं, त्यात तो कोचीनच्या बागांमधला काजू लिहितो. तर मधल्या काळात कधीतरी तो आपल्या किनाऱ्यावर आला असं बरेच जण म्हणतात. मी एवढ्या ठामपणे नाही म्हणणार, कारण एखाद्याने लिहिलं नाही म्हणजे झाड नव्हतंच असं होत नाही, पण ओर्तासारख्या माणसाच्या डोळ्यातून काजूचं लालभडक बोंड सुटलं असेल असं मानायलाही जीव धजत नाही.

ओर्ताच्या पुस्तकात काजू नाही पण बिब्बा आहे. अख्खं एक प्रकरण आहे. त्यात तो सांगतो की अरब याला बलाडोर म्हणतात आणि इथले लोक 'बिबो' म्हणतात. १५६३ सालचं! आपला बिब्बा तेव्हा पोर्तुगीज पुस्तकात छापून आलाय. आणि त्या प्रकरणाचं नाव काय, तर 'अनाकार्डो'. इथून पुढे नीट लक्ष द्या कारण गुंता इथेच आहे.

अनाकार्डियम हा शब्द मुळात काजूचा नाहीच. युरोपातल्या औषधवाल्यांकडे शेकडो वर्षं हा शब्द बिब्ब्यासाठी होता. ग्रीकमध्ये कार्डिया म्हणजे हृदय, आणि बिब्बा हातात घेतलात तर दिसेल, चपटा, काळा, हृदयाच्या आकाराचा. अरबी वैद्यकातून तो लॅटिनमध्ये गेला, स्मरणशक्ती वाढवायचं औषध म्हणून. बगदादला नवव्या शतकात एक मोठा इतिहासकार होऊन गेला, अल-बलाधुरी, त्याच्या घराण्याला हे नाव पडलं ते बलाधुर म्हणजे बिब्बा खाऊन कुणीतरी दगावलं म्हणून, अशी गोष्ट सांगतात. आपल्या भल्लातकाचा, म्हणजे बिब्ब्याचाच, दरारा इतक्या लांबवर होता.

मग अमेरिकेतून काजू आला. त्याची बी पण साधारण तशीच, वाकडी, कडक सालीची, आणि मुख्य म्हणजे सालीत तेच जळजळीत तेल. ज्यांनी लहानपणी काजू भाजलेत त्यांच्या बोटांना विचारा. माझ्या आजीने मला बिब्बा उतलेला आणि काजूचं तेल लागून कातडी सोललेली, दोन्ही वेळा सारखंच खोबरेल लावलंय, तिच्यासाठी ते एकच दुखणं होतं. युरोपातल्या औषधवाल्यांनीही तेच केलं. बिब्ब्याला पूर्वेचा अनाकार्डियम म्हणाले आणि काजूला पश्चिमेचा. पूर्वेचा म्हणजे ओरिएंटल, पश्चिमेचा म्हणजे ऑक्सिडेंटल.

१७५३ मध्ये स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस आला. त्याने सगळ्या जगातल्या झाडांना दोन-दोन शब्दांची नावं दिली, आणि काजूचं नाव ठेवलं अनाकार्डियम ऑक्सिडेंटेल. पश्चिमेचा बिब्बा. पण त्याच पुस्तकात पूर्वेचा बिब्बा त्या नावाने नाहीच! म्हणजे भावाला 'धाकटा' म्हणून ठेवलं आणि थोरल्याचं नाव वहीत लिहिलंच नाही. थोरल्याची सोय लागली ती लिनियसच्या मुलाच्या पुस्तकात, त्यावर साल १७८१ आहे. मुलाने बिब्ब्यासाठी नवीन प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली, सेमेकार्पस. ग्रीकमध्ये सेमेयॉन म्हणजे खूण, कार्पोस म्हणजे फळ, खूण करायचं फळ, कारण धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचे. आणि पुढचा शब्द म्हणून त्याने ठेवला 'अनाकार्डियम'. सेमेकार्पस अनाकार्डियम. मालकाला स्वतःच्याच घरात आडनावाऐवजी दुसऱ्या ओळीत जागा मिळाली.

हे सगळ्यांना पटलं नव्हतं. इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर बसून लिहिणाऱ्या रुम्फियसने काजूला कासुव्हियम म्हटलं होतं, काजूवरूनच केलेलं लॅटिन. फ्रान्सच्या लामार्कने तेच उचलून १७८३ मध्ये कासुव्हियम पोमिफेरम असं नाव दिलं. जर्मनीच्या गेर्टनरने १७८८ मध्ये अकाजुबा अशी प्रजाती केली, तुपी शब्द धरून. माझं मत विचाराल तर ही नावं जास्त न्यायाची होती. पण वनस्पतींच्या नावांचा कायदा साधा आहे, १७५३ पासून पुढे जे नाव पहिलं नीट छापलं गेलं ते चालणार, नंतरचं कितीही योग्य असो. हा कायदा कठोर वाटतो पण तो नसता तर आज काजूवर लिहिताना पाच देशांत पाच नावं चालली असती. त्यामुळे मी हळहळतो आणि कायद्याच्या बाजूनेच उभा राहतो.

अजून एक. कुठल्याही शास्त्रीय नावाला एक नमुना बांधलेला असतो, वाळवून कागदावर चिकटवलेला, की बाबा हे नाव म्हणजे ही वस्तू. काजूच्या नावाचा नमुना कुठला असेल? ब्राझीलचा असायला हवा ना? तो आहे पॉल हर्मनच्या संग्रहातला, म्हणजे सिलोनचा. हर्मन डच कंपनीचा डॉक्टर, १६७०च्या दशकात कोलंबोला होता. ब्राझीलच्या झाडाचं नाव श्रीलंकेत लावलेल्या झाडाच्या फांदीवर टांगलेलं आहे.

बरं आता वर्गीकरण, म्हणजे कोण कुणाचा नातलग. लिनियस पुंकेसर मोजून वर्ग पाडायचा. काजू त्याने दहा पुंकेसरांच्या वर्गात टाकला, बहावा आणि कांचन यांच्या शेजारी, आणि आंबा गेला पाच पुंकेसरवाल्यांत. आंबा आणि काजू वेगवेगळ्या कपाटांत! नुसती मोजणी केली की असं होतं. काजूचं फूल घरी जाऊन भिंगातून बघा, दहाच्या आसपास पुंकेसर असतात पण बहुतेक वेळा एकच लांब आणि दणकट असतो, बाकीचे खुजे. फ्रान्समध्ये जुस्यूने १७८९ साली फूल, फळ, चीक सगळं मिळून नाती जुळवली तेव्हा आंबा आणि काजू एका घरात आले. पुढे त्या कुळाचं नाव काजूच्या प्रजातीवरून अनाकार्डिएसी झालं. आंबा, आंबाडा, चारोळी, शेमटी, पिस्ता, बिब्बा, सगळे त्यात. म्हणजे बघा, बिब्ब्याचं जुनं नाव काजूने घेतलं, काजूवरून कुळाला गेलं, आणि आता हापूस आंब्याच्या कुळालाही तेच नाव आहे. हापूसच्या चिकाने ओठ उततात त्यांना हे कूळ एक का आहे ते वेगळं सांगायला नको.

मग काजू आणि बिब्बा सख्खे भाऊ का? दिसायला तसंच वाटतं. काजूत खरं फळ म्हणजे खालची बी, आणि बोंड म्हणजे फुगलेला देठ. बिब्ब्यालाही वर नारिंगी मांसल भाग असतो, तो वाळवून बिब्ब्याची फुलं म्हणून विकतात, विदर्भातल्या मंडळींनी खाल्ली असतील, आणि आतली गोडंबी तर थंडीच्या लाडवात घालतात. पण नीट चिरून बघितलं तर काजूत देठ फुगतो आणि बिब्ब्यात देठाच्या टोकाची फुलाची बैठक फुगते. वरून सारखं, मुळातून वेगळं. काजूचा खरा जवळचा नातलग आफ्रिकेत आहे, फेगिमान्रा नावाची प्रजाती, तिचाही देठ फुगतो. आणि जर्मनीत मेसेल नावाची खाण आहे, तिथे सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या दगडात चक्क फुगलेल्या देठासकट काजूच्या प्रजातीचं फळ सापडलं. २००७ मध्ये त्याला नाव दिलं, अनाकार्डियम जर्मेनिकम. हे वाचलं त्या दिवशी मला झोप नाही आली. ब्राझील ते कोकण एवढाच प्रवास मी धरून चाललो होतो, आणि हे झाडाचं घराणं कधीतरी युरोपात पण नांदत होतं.

ब्राझीलमध्ये आणि आसपास काजूची सख्खी भावंडं आहेत. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमधले जॉन मिचेल आणि स्कॉट मोरी यांनी १९८७ मध्ये सगळ्या अनाकार्डियमचा अभ्यास छापला, त्यांच्या हिशेबाने दहा जाती. त्यात अनाकार्डियम जायगँटियम हे ॲमेझॉनच्या जंगलातलं उंच झाड आहे, आणि दुसऱ्या टोकाला अनाकार्डियम ह्युमिले, सेराडोमधला, ज्याचं खोड जमिनीच्या आत वाढतं आणि वर फक्त गुडघ्याएवढं झुडूप दिसतं, वणवा गेला तरी खालून परत फुटतं. एक एक्सेल्सम आहे, पनामाकडचा, त्याचं बोंड जवळजवळ फुगतच नाही, म्हणून आधी त्याला ऱ्हायनोकार्पस असं वेगळंच म्हटलं होतं, नाकासारखं फळ. १९१२ मध्ये तो परत काजूच्या घरात आला. आणि सेराडोच्या बुटक्या काजूला ब्राझीलच्या रिझिनीने वेगळी जात ठरवलं होतं, ओथोनिॲनम, मिचेल-मोरींनी म्हटलं नाही, हा आपलाच काजू, फक्त सेराडोत वाढलेला. तिकडचे बरेच जण अजून वेगळंच नाव लिहितात. मला विचाराल तर ज्यांच्या अंगणात झाड आहे त्यांचं म्हणणं इतक्या लवकर बाजूला सारू नये, पण पुरावा अखेर झाडानेच द्यायचा असतो.

इथे एकांनी विचारलंय, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या वेगळ्या जाती का? नाही, ते वाण. जात एकच, अनाकार्डियम ऑक्सिडेंटेल. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात निवड आणि संकर करून काढलेले, आणि कलमाने वाढवतात म्हणून एका वाणाची झाडं एकसारखी राहतात. गावठी काजू बीपासून येतो, त्यामुळे एका बागेत पिवळं बोंड, लाल बोंड, मोठी बी, बारीक बी, सगळं मिळतं. ही विविधता सांभाळा, सगळी तोडून एकच कलम लावू नका.

आणि एक काम तुम्हाला. गावात होमिओपॅथीचं दुकान असेल तर बाटलीवरची नावं वाचा. एक सापडेल, ॲनाकार्डियम ओरिएंटेल. ते काजूचं नाही, बिब्ब्याचं आहे. लिनियसच्या पुस्तकात जे नाव आलंच नाही ते तिथे लेबलवर अजून चालू आहे.

आता पुढे या, दोन्ही वाट्या बघा. काजू हातात घ्या पण साल फोडू नका. बिब्ब्याला नुसतं बघा, मुलांना जवळ आणू नका, आणि कुणाचं बोट लागलंच तर ते डोळ्याला नेऊ नका, खोबरेल तेलाची बाटली मी टेबलाखाली ठेवलीय.