कोपरखैरण्याची वही

(दृश्य : कोपरखैरणे. सिडकोच्या जुन्या इमारतीतलं तळमजल्याचं घर. दाराआड खिळ्याला अडकवलेले चाव्यांचे जुडगे.)

निवेदन :
"गेल्या महिन्यात कोणाला मदत केलीत का?" तळमजल्यावरच्या ताईंना आम्ही विचारलं. त्या हसल्या. "आम्ही कुठली मदत करणार? आमचंच आम्हाला पुरेना."

मग दाराआडच्या चाव्या कोणाच्या? वरच्या बिऱ्हाडांच्या. एका घरची मुलगी शाळेतून आली की इथून चावी नेते. दुसऱ्या घरी सिलेंडर आला की दार ताई उघडतात. तिसऱ्या घरच्या आजींना दुपारची गोळी द्यायची असते. चौथा जुडगा कोणाचा, हे त्यांनाही आठवेना. घर सोडून गेलेलं कुणीतरी विसरलं असावं.

(दृश्य : इमारतीचा जिना, ये-जा.)

इंग्लंडमध्ये सरकारी पाहणीत हाच विषय असतो. नात्यात नसलेल्या माणसाचं, पैसे न घेता आणि कुठल्या संस्थेतर्फे न जाता, काही काम केलंत का? तिथे लोकांसमोर कामांची यादीच ठेवतात : सामान आणून देणं, मूल सांभाळणं, फॉर्म भरून देणं. 2020-21 मध्ये शंभरातल्या 33 प्रौढांनी महिन्यातून एकदा तरी असं काही केल्याचं सांगितलं. वर्षातून एकदा तरी म्हणणारे 54 होते. टाळेबंदीचं ते वर्ष सरलं आणि पुढच्याच पाहणीत हे आकडे 26 आणि 46 वर आले.

अशी यादी हातात दिली असती, तर आमच्या ताईंनी निम्म्या ओळींवर खुणा केल्या असत्या.

त्यांच्याकडे वेळ मात्र फार आहे असं नाही. 2019 च्या भारताच्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, असं काम करणाऱ्या पुरुषाची 97. शेजारच्या आजींची गोळी या पाच तासांतूनच काढलेली.

(दृश्य : सकाळ. रेल्वे स्टेशनबाहेर मासळीची पाटी.)

कोळीण पाटी उचलायला वाकते. ऑफिसला निघालेला एक मुलगा न बोलता दुसऱ्या बाजूने हात लावतो, पाटी डोक्यावर चढते, तो लोकलकडे धावतो. कुठल्या गावची, कुठल्या जातीची, कोणी विचारत नाही. संध्याकाळी आपण कोणाला मदत केली, असं विचारलं तर त्याला हे आठवेल का? मला नाही वाटत.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये जरा वेगळा घोळ आहे. एकट्या राहणाऱ्या काकांची पिशवी वॉचमन लिफ्टमधून वर नेऊन देतो. ही मदत की ड्यूटी? काका म्हणतात मदत. सोसायटी म्हणते ड्यूटी. वॉचमनला आम्ही विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, दिवाळीला कळेल."

(दृश्य : पुन्हा कोपरखैरणे, माथाडींची वस्ती. पत्र्याच्या कपाटातून काढलेली वही.)

वाशीच्या बाजार समितीत पोती वाहणारे कितीतरी माथाडी सातारा, सांगलीकडचे. इथे कोणी गेलं आणि मयत गावाला न्यायची ठरली, तर रात्रीतून वर्गणी उभी राहते. गाडीचं भाडं, डिझेल, सोबत जाणाऱ्यांचा खर्च. यातला कोण भावकीतला, कोण नुसता गाववाला, कोण शेजारच्या तालुक्यातला? इंग्लंडच्या प्रश्नातली "नात्यात नसलेला" ही अट इथे कुठे लावायची, तेच कळत नाही.

एका कामगाराने आम्हाला वर्गणीची वही दाखवली. निळ्या शाईत ओळीने नावं, पुढे पन्नास, शंभर, दोनशे. आपल्या घरी प्रसंग आला तर हेच लोक धावून येतात, म्हणून ती जपून ठेवलेली.

पानं उलटून पाहिली. नावं सगळी पुरुषांची. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा भाकरी-पिठलं शेजारणींकडून जातं. वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंनी किटलीभर चहा दिला होता, तोही दोन दिवस.

"त्यांची नावं?"

"ते कुठं लिहायचं? ते तर असतंच की."