लपवलेली बाग का टिकत नाही

(दृश्य: तारेच्या जाळीपलीकडे रिकामा भूखंड. विटांचे तुकडे, गंजलेला पत्रा, मधूनच उगवलेलं गवत.)

१९७३ साली न्यूयॉर्कमध्ये बावरी आणि ह्यूस्टन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर असाच एक भूखंड पडून होता. लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी तो साफ करायला घेतला. राडारोडा उचलला, माती आणली, वाफे केले. ‘ग्रीन गरिलाज’, म्हणजे ‘हिरवे गनिम’, असं नाव घेतलेली ही मंडळी बंद भूखंडांच्या कुंपणावरून मातीत गुंडाळलेल्या बियांचे गोळेही फेकत असत. पण आज पन्नास वर्षांनंतर उभी आहे ती कोपऱ्यावरची बाग. १९७४ साली शहराने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली होती.

आपल्या मालकीची नसलेली, कोणी लक्ष देत नाही अशी जमीन हेरायची आणि तिथे लावायचं, याला गनिमी बागकाम म्हणतात. प्रकार नवा नाही. १६४९ साली इंग्लंडमध्ये ‘डिगर्स’, म्हणजे ‘खणणारे’, म्हटल्या जाणाऱ्या गटाने सेंट जॉर्जेस हिल या पडीक टेकडीवर गाजरं आणि शेंगा पेरल्या होत्या. २००४ पासून लंडनमध्ये रिचर्ड रेनॉल्ड्सने आपल्या इमारतीसमोरच्या उजाड वाफ्यांत रात्री रोपं लावायला सुरुवात केली आणि हा छंद जगभर पोचला. रात्रीच्या लागवडीच्या फोटोंमुळे एक समज मात्र पसरला, की लावणं हेच खरं काम. लावायला एक संध्याकाळ पुरते. पुढचे चार महिने जी जागा सांभाळता येईल, तीच निवडायची असते.

(दृश्य: पदपथ, दुभाजक, बसथांब्यामागची पट्टी, झाडाभोवतीचं चौकोनी आळं.)

जागा शोधायला वेगळं हिंडू नका. रोज जाता-येता ज्या वाटेने चालता, त्याच वाटेवर बघा. आड रस्त्यावरची सुंदर जागा तिसऱ्या आठवड्यात विसरली जाते. वाटेवरचा ओबडधोबड तुकडा दिसत राहतो आणि तहानलेलं रोप डोळ्यांना टोचतं.

पहिली पाहणी उन्हाची. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन या तीन वेळांना एकेक फोटो काढा. फुलझाडांना आणि फळभाज्यांना सहा तास थेट ऊन हवं, पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं. भिंतीच्या पायथ्याची जागा फसवी असते. पावसाचं पाणी भिंतीमुळे अडतं आणि तापलेली भिंत संध्याकाळनंतरही माती सुकवत राहते.

दुसरी पाहणी पाण्याची, आणि जागा ठरते ती इथेच. एक चौरस मीटर वाफ्याला आठवड्याला साधारण २० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे २० लिटर, म्हणजे २० किलो वजन. कडक उन्हाळ्यात तीसच्या पुढे. दोन चौरस मीटरचा वाफा घेतलात तर पाच लिटरचे आठ कॅन झाले. दोन हातांत दोन कॅन धरले तरी चार फेऱ्या. नळ दोनशे मीटरवर असेल तर दीड किलोमीटरहून जास्त चाल, त्यातली अर्धी ओझ्यासकट. हा हिशेब कागदावर मांडला की मोठमोठ्या भूखंडांचा मोह आपोआप उतरतो. एका माणसाला सुरुवातीला एक ते दीड चौरस मीटर पुरे.

तिसरी पाहणी माणसांची. इथून कोण चालतं, गाडी कुठे चढवली जाते, गवत कोण आणि कधी कापतं? महिनाभर लक्ष ठेवलं की कापणीचा वार कळतो. गवत सगळीकडे एकसारखं बुटकं दिसलं तर तिथे यंत्र फिरतं हे नक्की.

काही जागा मात्र सरळ सोडून द्यायच्या. रेल्वेमार्गाची कड, वीज उपकेंद्राचा परिसर, राखीव जंगल, नैसर्गिक गवताळ माळ, पुरातत्त्वीय अवशेष, कोणाचं खाजगी अंगण. माळ रिकामा दिसतो, पण तिथले गवताचे आणि रानफुलांचे प्रकार तुमच्या झेंडूपेक्षा जुने असतात. चौकाजवळच्या तुकड्यात गुडघ्याच्या वर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरच्या वर काही वाढू देऊ नका. वळणाऱ्या ड्रायव्हरला रस्ता ओलांडणारं मूल दिसलं पाहिजे. सूर्यफूल इथे नकोच.

(दृश्य: खुरपं मातीवर आपटतं, आत जात नाही.)

शहरातली माती नापीक असते असं म्हणतात, पण बहुतेक वेळा ती फक्त घट्ट झालेली असते. पावलांनी आणि गाड्यांनी दाबलेल्या मातीत हवा उरत नाही, पाणी वरच्यावर वाहून जातं आणि मुळं वितभर खोलीवर थबकतात. तपासायला ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला तीन-चार सेंटिमीटर उतरत असेल तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी असेल तर ती जागा सोडा, किंवा ओल सोसणारी झाडंच लावा.

खणायचं ते माती वाफशावर असताना. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. चिखलात खणलं तर सुकल्यावर विटा होतात. वर पाच सेंटिमीटर जाडीचा कंपोस्टचा थर पसरून तो वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळा. एका चौरस मीटरला हे ५० लिटर कंपोस्ट होतं, म्हणजे एक मोठी गोणी. त्याहून जास्त घालून फायदा नाही.

पडलेल्या बांधकामाच्या जागी चुना आणि सिमेंट मातीत मिसळलेलं असतं. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजायचं. खताचा मारा करून ते सुटत नाही. तिथे चुनखडी सोसणारी झाडं लावायची किंवा बाहेरून आणलेल्या मातीचा उंच वाफा करायचा.

खोल खणू नका. फावड्याच्या एका पात्याइतकं, २० ते २५ सेंटिमीटर, तेही हाताच्या अवजारांनी. पदपथाखाली विजेच्या तारा, गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्या असतात. रंगीत पट्टी किंवा फरशांची ओळ लागली तर थांबा, ती खालच्या तारेची खूण असते. जाड हातमोजे घालूनच माती उकरा, काच हमखास निघते. सुई सापडली तर ती हाताने उचलायची नाही. चिमट्याने जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकून झाकण लावा.

झाडाभोवतीच्या आळ्यात काम करताना बुंध्यावर माती चढवू नका. मातीखाली गेलेली साल ओलीने कुजते, आणि चार फुलांपायी तीस वर्षांचं झाड जातं. अंगठ्यापेक्षा जाड मूळ तोडायचं नाही, त्याला वळसा घालायचा.

खाण्याचं काही लावणार असाल तर शिशाचा विचार आधी. गाड्यांच्या इंधनात शिसं घातलं जायचं त्या काळापासूनची रस्त्याकडेची धूळ, जुन्या इमारतींचा पोपडे धरलेला रंग, यातलं शिसं मातीतून हलत नाही, वरच्या थरातच राहतं. कंदभाज्यांवर माती चिकटते, पालेभाज्यांवर धूळ बसते, टोमॅटो किंवा वांग्यासारख्या फळांत मात्र ते सर्वांत कमी उतरतं. माती प्रयोगशाळेत तपासून घेणं हाच खात्रीचा उपाय. तपासणी झाली नसेल तर फुलं लावा आणि भाज्या कुंड्यांसाठी ठेवा.

(दृश्य: हाताने वळलेले मातीचे गोळे, सावलीत वाळत ठेवलेले.)

आता बियांचे गोळे. यांना फार प्रसिद्धी मिळाली आहे. जपानमध्ये शेतकरी मासानोबू फुकुओका यांनी मातीत गुंडाळलेल्या बियांची पद्धत पुन्हा वापरात आणली ती शेतासाठी, पक्ष्यांनी आणि उंदरांनी बी खाऊ नये म्हणून. कृती सोपी आहे. पाच भाग चिकणमाती, तीन भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग बी, आणि मळण्यापुरतंच पाणी. दोन सेंटिमीटरचे गोळे करून दोन दिवस सावलीत वाळवायचे. उन्हात तडकतात.

पण कडक मातीवर किंवा दाट गवतात फेकलेला गोळा बहुधा वाया जातो. माती विरघळली तरी मुळाला खाली जागा मिळत नाही, किंवा गवत रोपाला ऊन मिळू देत नाही. बी जास्त भरलं तर एकाच ठिकाणी वीस रोपं उगवतात आणि एकमेकांना मारतात. हात पोचत असेल तर गोळा वापरूच नका. खुरप्याने वरची दोन सेंटिमीटर माती मोकळी करा, बारीक बी चौपट वाळूत मिसळून फेका आणि पायाने हलकेच दाबा. गोळे ठेवा कुंपणापलीकडच्या उघड्या मातीसाठी, तेही जोरदार पावसाच्या तोंडावर.

बियांचं पाकीट वाचून घ्या. ‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटात परक्या, पसरणाऱ्या जाती असू शकतात. घाणेरी एके काळी बागेची शोभा म्हणूनच देशोदेशी नेली गेली. मुलांच्या वाटेवर कण्हेर आणि धोतरा नको, दोन्ही विषारी आहेत.

रोपं लावणार असाल तर ती आधी आठ-दहा दिवस घराबाहेरच्या उन्हा-वाऱ्याची सवय झालेली हवीत. लावायची संध्याकाळी. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. लावल्यावर आळं करून प्रत्येक रोपाला एक-दोन लिटर पाणी, मग पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर. आच्छादनाशिवाय लावलेलं रोप म्हणजे पाण्याच्या दुप्पट फेऱ्या.

(दृश्य: नीट कापलेल्या गवतामधून फुललेला वाफा, कडेला रोवलेल्या काड्या.)

बहुतेक बागा चोरीने मरत नाहीत. त्या कापल्या जातात. गवत कापणाऱ्याला दाट तणात लपलेलं रोप वेगळं दिसत नाही आणि त्याने ते का शोधावं? म्हणून लावण झाली की लपणं सोडायचं. वाफ्याला सरळ कड द्या. अर्धा मीटर उंचीच्या काठ्या हातभर अंतरावर रोवा, वरून सुतळी ओढा, एक छोटी पाटी लावा: ‘इथे फुलं लावली आहेत, पाणी घातलं तर आभार.’ कडेला सुटे दगड ठेवू नका. यंत्राच्या पात्याखाली दगड आला तर तो उडतो आणि कोणाच्या तरी डोळ्यात जातो.

अमेरिकेतल्या भूदृश्य रचनेच्या अभ्यासक जोन नासाउअर यांनी १९९५ मध्ये याच गोष्टीचं वर्णन केलं होतं. रानटी दिसणारी हिरवळही लोक मान्य करतात, जर तिच्या भोवती कोणीतरी काळजी घेत असल्याची खूण असेल. कापलेली कड, कुंपण, पाटी, वेचलेला कचरा. पाणी घालायला गेलात की आधी प्लॅस्टिक उचला. एक पिशवी पडलेली दिसली की दुसरी पडायला वेळ लागत नाही.

रोपं उपटून नेली जातातच. कुंडीतलं फुललेलं रोप आधी जातं. जागीच बियांपासून उगवलेलं, अजून न फुललेलं रोप कोणी नेत नाही. वाफ्याच्या एकाच कडेची पानं वेडीवाकडी पिळलेली किंवा पट्टीने पिवळी झाली तर तणनाशक फवारलं गेलं असण्याची शक्यता आहे. तिथलं काही खायचं नाही. कोपऱ्यावरचं रोप पुन्हापुन्हा करपत असेल तर बहुधा कुत्र्याचं काम. तिथे रोप बदलून उपयोग नाही, काठ्या दाट करा.

राहिला प्रश्न जमिनीच्या मालकाचा. जमीन पडीक असली तरी कोणाची तरी असते, आणि परवानगीशिवाय खणणं हा अनेक ठिकाणी दंडाचा विषय आहे. लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिनली यांनी २०१० साली घरासमोर, पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीत भाज्या लावल्या तेव्हा शहराने त्यांना नोटीस दिली. लोकांनी आवाज उठवला आणि पुढे शहराला आपला नियमच बदलावा लागला. इंग्लंडच्या टॉडमॉर्डनमध्ये २००८ पासून भाज्या लावल्या गेल्या त्या मुद्दाम ठळक जागी, अगदी पोलीस ठाण्याबाहेरसुद्धा. बऱ्याच शहरांत वाफा दत्तक देण्याची सोय असते. आधी विचारलं तर कधी कधी नळही मिळतो, आणि वर केलेला पाण्याचा हिशेब पाहता ही लहान गोष्ट नाही. विचारायला जाताना जागेचा आधीचा फोटो, काय लावणार त्याची यादी आणि पाणी घालणाऱ्या दोन जणांची नावं बरोबर न्या. एकाच माणसावरची बाग तो आजारी पडला की संपते.

आणि जागा रिकामी करायचा निरोप आला तर वाद घालण्यात आठवडा घालवू नका. आधी पिकलेलं बी काढा. शेंगा आणि बोंडं कागदी पिशवीत घालून सावलीत दोन आठवडे वाळवा, पाकिटावर जात आणि महिना लिहा. बहुवर्षायू झाडं उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, उंची एक तृतीयांश छाटा, हुंडी फुटू न देता ओल्या गोणपाटात बांधा. मग काठ्या आणि सुतळी काढून खड्डे बुजवा आणि जमीन पायाने सपाट करा.