स्पॉटलाइट घेताना छताकडे बघू नका, खाली बघा

(कॅमेऱ्यासमोर. खोलीत फक्त डोक्यावरचा एक स्पॉटलाइट चालू.)

माझ्या चेहऱ्याकडे नीट बघा. डोळ्यांखाली काळं, नाकाखाली सावली, आणि कपाळ मात्र चकाकतंय. आजारी वाटतेय ना? ठणठणीत आहे मी. ही सगळी करामत या वरच्या दिव्याची. थांबा, त्याचं तोंड जरा बाजूच्या भिंतीकडे वळवते.

(दिवा भिंतीकडे वळवलेला.)

हं. दिवा तोच, वॅट तेवढेच. पण उजेड आता भिंतीवर पडून मग माझ्याकडे येतोय, आणि चेहरा पुन्हा माझा झाला.

स्पॉटलाइट निवडताना बहुतेक घरांत उलट्या बाजूने सुरुवात होते. छताचा नकाशा घ्यायचा, पट्टीने रेघा मारायच्या, चार इकडे, चार तिकडे, सगळे सारख्या अंतरावर. नकाशा छान दिसतो. राहायला गेल्यावर कळतं की फरशी लखलखतेय, भिंती काळवंडल्यात आणि खोली लहान वाटतेय. कारण आपण खोलीत बसतो तेव्हा नजर फरशीवर नसते, समोरच्या भिंतीवर असते. भिंत उजळली की खोली उजळल्यासारखी वाटते.

म्हणून दिवा कुठला घेऊ, हे आधी विचारूच नका. उजेड कशावर पाडायचाय, ते ठरवा. ओट्यावर? पुस्तकांच्या कपाटावर? भिंतीवरच्या चित्रावर? ज्या दिव्याला असं काही उत्तर नाही, तो नकाशातून खोडून टाका.

आता खोक्यावरचा एक आकडा, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही: बीम अँगल, म्हणजे उजेडाचा झोत किती अंशांत पसरतो. माझ्या मते वॅटपेक्षा हा महत्त्वाचा.

(पडद्यावर तीन झोतांची आकृती: २४, ३६ आणि ६० अंश.)

हिशोब सोपा आहे. ३६ अंशांचा दिवा असेल तर उजेडाचा गोल हा दिव्यापासूनच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश रुंद पडतो. छत २.७ मीटरवर आणि ओटा ०.९ मीटरवर, म्हणजे मधलं अंतर १.८ मीटर. गोल पडेल जवळपास १.२ मीटरचा. तिथेच २४ अंशांचा दिवा लावलात तर गोल पाऊण मीटरचा, आणि ६० अंशांचा लावलात तर दोन मीटरच्या थोडा वर. दिव्यातून निघणारा उजेड तेवढाच असतो. गोल निम्म्या रुंदीचा झाला की त्यातली तीव्रता साधारण चौपट होते. २४ अंश चित्रासाठी किंवा एखाद्या मूर्तीसाठी ठीक. खोलीत नुसता उजेड हवा असेल तर ६० किंवा त्याहून जास्त. ३६ मधलं, कामाच्या जागेसाठी.

आणि वॅट? वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. तोच आकडा ताडून बघा, पुढे चला.

स्वयंपाकघर. इथे एक चूक हटकून होते: दिवे खोलीच्या मधोमध, चालायच्या जागेवर. तुम्ही ओट्यासमोर उभे राहता, दिवा तुमच्या पाठीमागे, आणि सुरी चालते तुमच्याच सावलीत! दिव्यांची रांग ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर हवी. ओटा ६० सेंटिमीटर खोल असेल तर मागच्या भिंतीपासून दिवा साधारण तेवढ्याच अंतरावर येतो. ओट्यावर टांगलेली कपाटं असतील तर वरून येणारा उजेड ती अडवणारच. मग स्पॉटलाइटचा हट्ट सोडा आणि कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेशी, पट्टीचा दिवा लावा. स्पॉटलाइटवाल्या व्हिडिओत हे सांगणं विचित्र वाटेल, पण त्या जागी तोच दिवा बरोबर आहे.

स्वयंपाकघरात आणखी एक आकडा बघायचा, सीआरआय. त्याच छटेच्या प्रमाण उजेडाच्या तुलनेत या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचं हे माप, कमाल १००. बाजारात ८० चे दिवे सर्रास मिळतात. त्यात गोम अशी की हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि त्या आठांत गडद लाल नसतोच. तो वेगळा मोजतात, आर ९ या नावाने. त्यामुळे ८० चा दिवा कागदावर बरा दिसतो, पण त्याच्याखाली टोमॅटो मलूल, लाकूड राखाडी आणि माणसाची कातडी निस्तेज दिसू शकते. जिथे रंग बघून काहीतरी ठरवायचंय, म्हणजे ओटा, कपड्यांचं कपाट, आरसा, तिथे ९० च्या वरचा घ्या. बोळात किंवा अडगळीच्या खोलीत ८० चालून जातो, तिथे उगाच पैसे घालवू नका.

आरशाचं निघालंच आहे तर बाथरूम. सुरुवातीला माझा चेहरा बघितलात ना, बेसिनच्या बरोबर वर स्पॉटलाइट लावला की आरशात रोज तसाच दिसतो. आरशासाठी उजेड चेहऱ्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी हवा. स्पॉटलाइट शॉवरच्या जागेवर आणि बाकी खोलीसाठी ठेवा. इथे आयपी रेटिंग बघायचं: त्यातला पहिला आकडा घन कण आणि धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसतो, आयपी ६५ म्हणजे पाण्याची धारही सोसतो. शॉवरच्या वर ६५ च लावा. छतात बसवायच्या दिव्यांत हे रेटिंग कित्येकदा फक्त खालच्या, दिसणाऱ्या बाजूचं असतं, तेवढं विचारून घ्या.

बेडरूममध्ये उशीच्या वर दिवा नको. संपलं. झोपून वर बघितलं की थेट डोळ्यांत जातो, मग तो कितीही सुंदर असो. एकदोन दिवे कपाटाच्या दारांकडे वळवा, वाचायला पलंगाशेजारी वेगळा दिवा ठेवा आणि रंग २७०० केल्विन घ्या, पिवळसर. केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. ४००० केल्विनचा पांढरा उजेड कामाच्या खोलीत शोभतो. ६५०० चा निळसर पांढरा घरात कुठेच लावू नये असं माझं मत आहे. वाद घालायला तयार आहे.

हॉलमध्ये दोन गोष्टी नडतात. पहिली, टीव्हीसमोरचे दिवे. पडदा काळा झाला की त्यात ते ठळक उमटतात. दुसरी म्हणजे छताचा पंखा. दिव्याचा झोत फिरत्या पात्यांतून खाली आला की अख्ख्या खोलीत सावल्या फडफडायला लागतात, आणि पाच मिनिटांत डोकं धरतं. नुसतं पात्यांच्या घेराबाहेर दिवा ठेवून भागत नाही, झोत रुंद असला तर तो पात्यांना गाठतोच. पंख्याजवळ अरुंद झोताचे किंवा भिंतीकडे वळवलेले दिवे घ्या. भिंतीसाठी दिवा भिंतीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर ठेवा. अगदी चिकटवलात तर वर कमानीसारखे कवडसे पडतात आणि भिंतीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. खडबडीत दगडी भिंत असेल तर तेच छान दिसतं, प्लास्टर ओबडधोबड असेल तर पंचाईत. आणि हॉलचे सगळे दिवे एकाच बटणावर घेऊ नका. भिंतीचे वेगळे, बसायच्या जागेचे वेगळे.

दिवा डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याचा प्रकाश देणारा भाग खोल, आत बसवलेला आहे का ते बघा. चमकता भाग छताच्या पातळीवरच असेल तर खोलीत कुठेही बसा, तो टोचणार.

लुकलुक तपासायला दिव्याखाली पेन्सिल भरभर हलवा. पेन्सिलीच्या तुटक तुटक प्रतिमा दिसल्या तर आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलका आहे, दिवा परत ठेवा. डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायचं बटण, लावणार असाल तर खोक्यावर दिवा डिमेबल आहे असं लिहिलेलं हवं, आणि डिमरही एलईडीला चालणारा हवा. जुना डिमर ठेवला तर दिवे गुणगुणतात किंवा कमी उजेडावर फडफडतात.

छताला भोक पाडण्याआधी रात्री एक दिवा वायर जोडून आणा, कुणालातरी शिडीवर उभं करून ठरलेल्या जागी धरायला सांगा आणि तुम्ही खाली, जिथे बसणार तिथे बसून बघा. जागा अर्धा फूट सरकवावीशी वाटली तर ती तेव्हाच सरकते.

आणि खरेदी करताना एकदोन दिवे जास्तीचे घ्या, त्याच खेपेतले. हल्ली बऱ्याच स्पॉटलाइटमध्ये बल्ब बदलता येत नाही, अख्खा दिवाच बदलावा लागतो. दोन वर्षांनी आणलेल्या ३००० केल्विनच्या दिव्याची छटा जुन्यांशी जुळेलच असं नाही, आणि भोकाचा व्यासही कंपनीगणिक बदलतो. जास्तीच्या खोक्यावर पेनने तो व्यास मिलिमीटरमध्ये लिहा, आणि कुठल्या खोलीचा दिवा तेही.