आदण

[पहाट. उसाच्या फडाच्या मधोमध पडकं दगडी घर. अर्ध्या छपराचे पत्रे गेलेले. कॅमेरा भिंतीवरून हळू सरकतो.]

ही भिंत धुरानं काळी झालीय. मध्ये किती पावसाळे गेले, पण काजळी धुऊन गेली नाही. दगडावरून बोट फिरवलं तर अजून काळं होतं. बोटाचा वास घेतला तर मला तरी गूळच येतो.

हे आमच्या भावकीचं गुऱ्हाळ. बेळगाव जिल्हा, निपाणी तालुका, वेदगंगेचा काठ. मी लहान असताना आमच्या शिवारात अशी तीन गुऱ्हाळं होती. दिवाळी सरली की तिन्ही धुराडी एकदमच धुरायला लागायची, आणि संध्याकाळी वारा पडला की सगळ्या गावावर गुळाचा वास उतरायचा. कपड्याला, भाकरीला, अंथरुणाला तोच वास. शिमग्यानंतर तो जायचा तेव्हा घर रिकामं रिकामं वाटायचं.

आता या काठावरचा ऊस साखर कारखान्याला जातो. ऊस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. गोड वास मात्र कुठंच नाही. गूळ गावात व्हायचा, साखर गावाबाहेर होते. या फिल्ममध्ये आम्हाला एवढंच दाखवायचं आहे.

[चुलवाणाचा खड्डा. आत उगवलेलं गवत. बाजूला पालथी घातलेली काईल.]

आधी हे चुलवाण बघा. खड्ड्याच्या या तोंडाशी चुलव्या बसायचा. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, आणि माघाच्या थंडीतसुद्धा पाठीवर घाम. हातातलं वाळलेलं चिपाड तो मुठीमुठीनं आत सारायचा. उसाचा रस काढून जे उरतं ते चिपाड, आणि तोच रस आटवायला तेच जळण. विकतचं लाकूड क्वचितच लागायचं. जाळ एका लयीत ठेवणं हे त्याचं काम. जाळ भडकला तर रस तळाला लागणार, मंदावला तर आदण रेंगाळणार.

रस यायचा चरकातून. माझ्या आज्जाच्या लहानपणी चरकाला बैल जुंपलेले असत. त्याच्या आधीच्या पिढीनं लाकडी घाणे वापरले होते. लोखंडी चरक आला तो हळूहळू, आणि त्या बदलात आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा हात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला. बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. लोखंडी नांगर करायला घेतला तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष होतं. 1910 साली बेळगाव सोडून ते औंध संस्थानात गेले, माळावर किर्लोस्करवाडी उभी केली, आणि पुढं नांगरांबरोबर तिथून उसाचे चरकही शेतकऱ्यांच्या दारात यायला लागले. बेळगावला तो कारखाना टिकला असता तर, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पुढं बैल सुटले, डिझेल इंजिन आलं, मग विजेची मोटार. पण कर्नाटकी बेंदराला, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला, आज्जा त्या बंद पडलेल्या जुन्या चरकालाही हळदकुंकू लावायचा. महाराष्ट्राचा बेंदूर आषाढात येतो. आमच्या काठावर दोन्ही पाळणारी घरं आहेत.

[हातानं काढलेलं गुऱ्हाळाचं चित्र. चरक, मांदण, काईल, वाफा. बाण एकेक करून उमटतात.]

रस आधी मांदणात. मांदण म्हणजे जमिनीत पुरलेलं भांडं. तिथून काईलीत. काईल म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी रुंद, उथळ लोखंडी कढई. रस तापत आला की भेंडीचं पाणी. भेंडी तीच, भाजीची. तिची खोडं ठेचून पाण्यात चोळली की चिकट पाणी सुटतं. ते रसात पडलं की सगळी घाण गोळा होऊन वर तरंगते. ती मळी झाऱ्यानं काढत राहायची. मग चुन्याची निवळी. ती किती घालायची याला माप नव्हतं, गूळ करणाऱ्या गुळव्याचा डोळा होता. चुना जास्त झाला तर गूळ काळपट, कमी पडला तर मऊ राहून पाझरणार.

गुळव्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं.

जमीन एकाची, चरक दुसऱ्याचा, ऊस तिसऱ्याचा असू शकतो. पण काईल कधी उतरायची हे गुळव्याच ठरवणार, आणि त्या घटकेला मालकसुद्धा त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहणार. आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या आता ऐंशीच्या पुढचा आहे. आपलं नाव फिल्ममध्ये नको, असं त्यांनी सांगितलं. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्या काईलीकडं बघायचे त्याहून जास्त तिचं ऐकायचे. रस पातळ असतो तेव्हा सळसळतो. घट्ट होत आला की बुडबुडे मोठे होतात आणि जड होऊन फुटतात, फट् फट्. मग तात्या थंड पाण्यात हात बुडवायचे, उकळत्या पाकातून चिमूट उचलायचे, लगेच हात परत पाण्यात. बोटांत गोळी वळायची आणि काईलीच्या काठावर मारायची. ती कशी वाजली यावर सगळं. त्या आवाजात आणि पुढच्या आवाजात मिनिटभराचं अंतर असतं, आणि त्या मिनिटात वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरतो.

'उतरा' म्हटलं की काईलीच्या कड्यांत दांडे घालून गडी ती उचलायचे आणि पाक वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, ओतायचे. पाक निवेपर्यंत ढवळायचं, मग फडकं घातलेल्या साच्यात भरायचं. दुसऱ्या दिवशी साच्यातून रवा, म्हणजे गुळाची ढेप, निघायचा. कोल्हापूरच्या बाजाराचा रवा 30 किलोचा. रस काईलीत पडल्यापासून वाफ्यात उतरेपर्यंतचा हा फेरा म्हणजे एक आदण. दिवस किती मोठा झाला हे आमच्याकडं आदणांवर मोजत. 'दोन आदणं झाली, जेवायला चला' असं.

आणि पोरं. शाळा सुटली की दप्तरासकट गुऱ्हाळावर. उसाच्या कांडक्यावर गुंडाळलेला गरम गूळ, काईलीत सोडून शिजवलेली रताळी, आणि शेजारणीनं तांब्या देऊन पाठवलेलं असायचं त्यात काकवी. वाटेनं जाणारा कुणीही, ओळखीचा असो नसो, रस पिऊन जायचा. त्याचे पैसे घेतलेले मी कधी बघितले नाहीत.

[रात्र. महामार्ग. कोगनोळी टोलनाक्याचे दिवे. पुलाखाली दूधगंगा.]

गूळ जायचा कोल्हापूरला. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती मुख्यतः गुळासाठी. आमच्या बाजूच्या बैलगाड्या रात्री जुंपायच्या आणि सकाळच्या सौद्याला पोचायच्या. गाडीवान झोपला तरी बैल वाट चुकत नसत, असं आज्जा सांगायचा.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. बाजार एका राज्यात राहिला आणि ऊस दुसऱ्या राज्यात. महाजन आयोगानं 1967 साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली. बेळगाव शहर मात्र त्यांनी म्हैसूरकडंच ठेवलं. अहवाल अमलात आला नाही. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे सगळं आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की लहान पोरांनाही तारखा पाठ आहेत. रोजच्या जगण्यात त्याचं रूप छोटं असतं. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो. आई तो घेऊन कन्नड शाळेत शिकलेल्या पुतण्याकडं जाते आणि क्षेत्र बरोबर पडलंय का, विचारते. ऊस हद्दीपलीकडं कागल, हमीदवाडा किंवा हुपरीकडं गेला तर वजनाची पावती मराठीत मिळते. अलीकडच्या कारखान्याला गेला तर कन्नडमध्ये. दोन्ही पावत्या देव्हाऱ्याखालच्या एकाच पत्र्याच्या डब्यात.

[जुनी छायाचित्रं. कारखान्याची चिमणी. गव्हाणीत पडणारा ऊस.]

साखर या जिल्ह्यात तशी जुनी. 1932 साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवणारा कायदा झाला आणि देशभर गिरण्या उभ्या राहायला लागल्या. कृष्णाकाठी उगार खुर्दला 1939 साली उगार शुगर वर्क्स स्थापन झाली. पुढं सहकाराचं वारं आलं. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, चिकोडीकडचा दूधगंगा-कृष्णा. आज बेळगाव जिल्ह्यात दोन डझनांहून जास्त कारखाने आहेत आणि कर्नाटकातला हा उसाचा सगळ्यात मोठा जिल्हा आहे.

गुऱ्हाळं का गेली? कारखान्यानं मारली, असं म्हणणं सोपं आहे आणि अर्धंच खरं आहे. काळम्मावाडी धरणानं दूधगंगेला पाणी राहिलं, नदीतून उपसा सुरू झाला, ऊस नदीकाठच्या मळीच्या रानातून माळावर चढला आणि निपाणीचं तंबाखूचं रान कमी होत गेलं. एवढा ऊस गाळायला तीन चुलवाणं पुरणार कशी? गुळाचा भाव एका आठवड्यात चढायचा, दुसऱ्या आठवड्यात कोसळायचा. कारखान्याचा दर बांधलेला. त्यावर बँकेनं कर्ज दिलं, कर्जावर विहीर झाली, विहिरीवर घर झालं. माझं शिक्षण कारखान्याच्या बिलातून झालंय. सभासदाच्या साखरेचं पोतं दिवाळीला घरात यायचं तेव्हा आईचा चेहरा कसा व्हायचा तेही मी बघितलंय.

आणि चुलवाणापुढं बसायला कुणाचा मुलगा तयार होता? तात्यांचे दोघेही मुलगे नव्हते. एक कागलच्या औद्योगिक वसाहतीत गेला, दुसरा ट्रॅक्टरवर. तात्यांनीच त्यांना गुऱ्हाळापासून लांब ठेवलं. त्यांच्या दोन्ही हातांवर पाकाचे डाग आहेत, कोपरापर्यंत.

[जानेवारी. फडात तुरे आलेला ऊस. वाऱ्यावर पांढरी लाट.]

हे दृश्य छान दिसतं. बाहेरून आलेले लोक गाडी थांबवून फोटो काढतात. पण उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते, आणि तोड लांबली तर नुकसान. आता कांडी पोकळ पडणार, वजन घटणार. शेतकरी या पांढऱ्या लाटेकडं बघतो तेव्हा त्याला टन दिसतात, गेलेले.

गुऱ्हाळालाही पाळी होती, नंबर होता. पण पाळी चुकली तर मालकाच्या ओट्यावर जाऊन भांडता यायचं. आता लावणीची नोंद शेतकी ऑफिसात, तोडीचा निरोप मोबाईलवर. मग ऊस तोडणाऱ्या टोळीची वाट. टोळी आली तर तिची खुशाली, ट्रॅक्टरवाल्याची एंट्री, म्हणजे वरचे द्यावे लागणारे पैसे. नियमानुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल मिळायला हवं. आमचं एका वर्षीचं बिल पुढच्या बेंदरापर्यंत आलं नव्हतं, आणि त्या वर्षी बहिणीचं लग्न होतं. कुणाच्या ओट्यावर जायचं हेच वडलांना कळत नव्हतं.

2025 च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यात, मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर फाट्यावर, ऊस उत्पादक रस्त्यावर बसले. टनाला 3500 रुपये मागत होते. 3300 वर तोडगा निघाला. त्या दिवसांत आमच्या पारावर मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे एकाच मोबाईलवर बातम्या ऐकत बसलेले असायचे, आणि ज्याला जी भाषा कळत नव्हती ती शेजारचा सांगत होता.

[फडाच्या कडेला खोप्या. पहाटेचा अंधार. तीन दगडांची चूल.]

ही टोळी बीडकडची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे तीनला उठते, भाकऱ्या थापते, फडात येते. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. लेकरू पाचटावर निजलेलं. गुऱ्हाळावर राबणारे आमच्याच गावचे होते, त्यांच्या घरातलं सुखदुःख आम्हाला ठाऊक असायचं. या बाईचं नाव आमच्या गावात किती जणांना माहीत आहे? ती पाच महिने आमच्या शिवारात राहते, आमच्या विहिरीचं पाणी नेते. हे आम्हाला आधीच दिसायला हवं होतं. चित्रीकरण सुरू केलं तेव्हा दिसलं.

[कुर्ली-आप्पाचीवाडी. हालसिद्धनाथाची यात्रा. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं आवार.]

दसरा-दिवाळीच्या सुमारास हालसिद्धनाथाची भाकणूक होते. पाऊस कसा पडेल, पीक कसं येईल, बाजार चढेल का उतरेल, हे ऐकायला दोन्ही राज्यांतली माणसं रात्रभर बसतात. आज्जा दर वर्षी जायचा. घरी आला की आजी पहिला प्रश्न विचारायची, गुळाचं काय सांगितलं? आता वडील जातात. आई साखरेचं विचारते.

[तात्यांचं घर. सोप्यात बाजलं. आतून भांड्यांचा आवाज.]

काईल आम्ही भंगारात घातली नाही. आता ती गोठ्यात आहे, म्हशी तीत पाणी पितात. चरकाचे लाट, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, कुणी कधी नेले, माहीत नाही. साचे सरपणाला गेले.

तात्यांना गोळी कशी बघायची ते कॅमेऱ्यापुढं दाखवा म्हणून आम्ही तीन दिवस मागं लागलो होतो. ते म्हणायचे, पाक नाही तर काय दाखवू? रिकामा हात पाण्यात घालून काय कळणार?

शेवटच्या दिवशी सामान आवरत होतो. संक्रांत दोन दिवसांवर होती. आत स्वयंपाकघरात त्यांची सून तिळाच्या लाडवांसाठी बाजारचा गूळ पाकाला ठेवून पोराशी बोलत होती. तात्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेले, डोळे मिटलेले. मोतीबिंदूनं त्यांना फारसं दिसत नाही. आम्हाला वाटलं, डोळा लागला. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"पोरी, उतर आता."

ती धावत चुलीकडं गेली.