पुराच्या रात्री फोन कुणाला लावला?

नमस्कार मंडळी. माझ्या मागे दिसतोय तो आपला सांगलीचा आयर्विन पूल. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. गावभागात आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, तेव्हा माझ्या फोनमध्ये अकराशेच्या वर नंबर होते. मी फोन लावले चार.

अकराशेतले चारच? मला हे फार लागलं होतं. माणूस म्हणून आपण कमी पडलो असं वाटायचं. म्हणून आज रॉबिन डनबार यांच्याबद्दल बोलायचंय.

डनबार हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ. माकडांच्या मेंदूतला निओकॉर्टेक्स हा थर उरलेल्या मेंदूच्या मानानं जितका मोठा, तितका त्यांचा कळप मोठा, असं त्यांना दिसलं. तोच हिशोब १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी माणसाला लावला. एका माणसाला किती जणांशी नाती सांभाळता येतात, याचं उत्तर आलं १४८, म्हणजे धरून चाला दीडशे. त्यातही एकात एक वर्तुळं आहेत: अगदी आत पाच जण, मग पंधरा, मग पन्नास, मग दीडशे.

पुढे त्यांनी आणि रसेल हिल यांनी ब्रिटनमधल्या घरांतून जाणारी नाताळची कार्डं मोजली. ती ज्या घरांत जायची तिथली माणसं धरली, तर सरासरी १५३ च्या आसपास भरली.

आपल्याकडे हे लग्नाच्या यादीत दिसतं. बहिणीच्या लग्नाला आम्ही सातशे पत्रिका छापल्या. आई यादीवर पेनानं खुणा करत बसली होती. "खूण केली तिथं मी स्वतः जाऊन हळदी-कुंकू लावून पत्रिका देणार. बाकीच्यांना तू व्हॉट्सॲप कर." खुणा शंभरसुद्धा नव्हत्या!

दीडशे हा आकडा मात्र दगडावरची रेघ नाही. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तोच हिशोब पुन्हा केला, तर उत्तराचा पल्ला इतका रुंद आला की एकच आकडा सांगणं चूक, असं त्यांनी म्हटलं. मला ते पटतं. पण मर्यादा आहे, हेही पटतं, कारण दिवसाचे तास वाढत नाहीत. माकडं तासन्‌तास एकमेकांच्या उवा वेचत बसतात, त्यातूनच त्यांचं नातं टिकतं. आपण घाटावर, कट्ट्यावर गप्पा मारतो. तेवढा वेळ अकराशे जणांना कुठून देणार?

अमेरिकेतल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हे तासांतच मांडलं: ओळखीचा माणूस जवळचा मित्र व्हायला साधारण २०० तास सोबत जावे लागतात.

त्या चार फोनमधला चौथा विश्रामबागेतल्या एका सहकाऱ्याला होता. चहापुरती ओळख. तो म्हणाला, "विचारताय काय, निघा." दोन खोल्यांत ते चौघं आणि आम्ही पाच, दहा दिवस. त्याची आई पहाटे उठून नऊ जणांचा चहा टाकायची, आणि माझे बाबा तिच्याशेजारी बसून लसूण सोलायचे. दहा दिवसांचे तास होतात २४०.

आता त्यांच्या दारात मी बेल वाजवत नाही. थेट स्वयंपाकघरात जातो. आणि कराडचा माझा कॉलेजचा मित्र, ज्याला तेव्हा पहिला फोन लावला होता, त्याच्याशी शेवटचं कधी बोललो ते मला आठवत नाहीये.