दिवा लागतो, पण नेट तुटतं

(दृश्य: नेटवर्क स्विचच्या, म्हणजे अनेक यंत्रं केबलने जोडणाऱ्या डब्याच्या पोर्टवरचा हिरवा दिवा, अगदी जवळून)

दिवा लुकलुकतोय. म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे. तरीही कॉलमधला आवाज मध्येच तुटतो, फाइल अर्ध्यावर अडकते. नेट पूर्ण बंद पडलं तर एक वेळ परवडतं. पण मधूनच जाणारं, आणि बघायला गेलं की नीट चालणारं नेट माणसाला रडकुंडीला आणतं.

हात आधी रीस्टार्टकडे जातो. जरा थांबा. त्याआधी नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलवरच्या जोडणीचा वेग बघा. दोन्ही टोकांना गिगाबिटची (सेकंदाला 1000 मेगाबिट) सोय असून तिथे 1000 ऐवजी 100 दिसत असेल, तर पहिला संशय केबलवर घ्यायचा.

(दृश्य: सोललेली केबल, रंगीत तारा)

आत आठ तारा आहेत, पिळलेल्या चार जोड्या. 100 मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात: पिन 1, 2, 3 आणि 6. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार सुटली, की बरीच नेटवर्क कार्डं मुकाट्याने 100 वर उतरतात. दिवा मात्र लागलेलाच. काही कार्डांना तेही जमत नाही. मग लिंक सारखी जाते आणि येते.

या तारांचा पीळ दिसायला साधा, पण सगळी मदार त्याच्यावर. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1881 मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती पेटंट केली होती. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच येतो, आणि समोरचं टोक दोन्हींतला फरक तेवढा वाचतं. म्हणून कॅट-5ई या प्रकारच्या नेटवर्क केबलचा पीळ टोकाशी 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये असा दंडक आहे.

(दृश्य: आरजे-45, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाचा कनेक्टर, भिंगाखाली)

आता हे टोक बघा. पीळ चांगला दोन बोटं सुटलाय. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत पोचलेलंच नाही, त्यामुळे प्रत्येक हिसका थेट तारांना बसतो. लॉकची प्लास्टिकची जीभही तुटली आहे.

साध्या टेस्टरवर मात्र आठही दिवे ओळीने लागतात. तार सलग आहे, एवढंच तो सांगतो. दोन्ही टोकांना क्रमांक जुळतात, पण जोडीतल्या दोन तारा एकाच पिळातल्या नसतील, तर त्याला कळत नाही. या चुकीने भल्याभल्यांचे दिवस खाल्लेत.

(दृश्य: स्क्रीनवर सतत चालणारं पिंग)

आपल्याच राउटरला पिंग (‘आहेस का?’ असं सतत विचारून उत्तर तपासणारी कमांड) लावून ठेवा आणि कनेक्टर बोटाने हळूच हलवा. हलवताक्षणी उत्तरं थांबली? चोर सापडला. नाही थांबली, तर खात्रीची केबल लावून बघा, मग दुसरा पोर्ट. एका वेळी एकच बदल. दोन केले, तर नेट कशामुळे सुधारलं ते कळणार नाही, आणि दुखणं पुन्हा उपटेल.

स्विचच्या सेटिंगमध्ये शिरता येत असेल, तर सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या डेटाचा आकडा बघा. केबल बदलल्यावरही तो चढत राहिला, तर डुप्लेक्स तपासा: फुल म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं, हाफ म्हणजे आळीपाळीने. एक टोक फुल डुप्लेक्सवर अडकवलेलं आणि दुसरं ऑटोवर असेल, तर ऑटोवालं हाफवर उतरतं. कमी कामात हे जाणवतही नाही. मोठी फाइल सुरू झाली की सगळं रखडतं. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा.

(दृश्य: कनेक्टर दाबून बसवणारं क्रिंपिंग टूल, नवं टोक)

टोक नवीन बसवलं. स्पीड 1000. पिंग रात्रभर चालू ठेवू.

आणि एखादी केबल दुरुस्तीपलीकडची निघाली, तर ती परत ड्रॉवरमध्ये टाकू नका. मधोमध कापा. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी घाईत तीच लावेल.